सर्पगंधेला जगापुढे नेणारा मुंबईचा डॉक्टर
डॉ. रुस्तम जाल वकील : एका मुळीचे आणि एका पुराव्याचे चरित्र

प्रतिनिधी, मुंबई

परळच्या केईएम रुग्णालयात दररोज हजारो रुग्ण येतात. रक्तदाब मोजून घेण्यासाठी दंडाला पट्टा बांधून बसलेल्या त्या गर्दीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल, की उच्च रक्तदाबाच्या आधुनिक औषधोपचाराचा एक महत्त्वाचा धागा याच रुग्णालयापर्यंत येऊन पोहोचतो. १९४९ साली येथील एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाने आपल्या ५० रुग्णांची निरीक्षणे लंडनहून निघणाऱ्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. लेख अवघ्या काही पानांचा होता आणि विषय होता सर्पगंधा या भारतीय वनस्पतीची मुळी. तो लेख वाचून बॉस्टनमधील डॉक्टरांनी ती मुळी मागवली, स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांच्या तिच्यावरील संशोधनाकडे जगाचे लक्ष वेधले गेले आणि पुढील दहा वर्षांत रक्तदाबाच्याच नव्हे, तर मानसिक आजारांच्या उपचारांचेही चित्र पालटून गेले. त्या डॉक्टरांचे नाव रुस्तम जाल वकील.

आज रक्तदाबासाठी जवसाच्या चूर्णापासून मेथीच्या दाण्यांपर्यंत नाना वनस्पतिजन्य उपाय सुचवले जातात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असा समजही त्यासोबत घरोघरी पोहोचतो. अशा वेळी डॉ. वकील यांचे आयुष्य पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालणे उपयोगाचे ठरेल. वनौषधीवर त्यांचा विश्वास होता. मात्र तो विश्वास त्यांनी मोजमापाच्या कसोटीवर घासून घेतला होता.

उपचार नसलेला आजार

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी घेऊन मायदेशी परतले. मुंबईत आल्यावर केईएम रुग्णालयाशी त्यांचा जो संबंध जुळला, तो त्यांच्या कारकिर्दीचा कणा ठरला. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय त्या वेळी ऐन उभारीत होते. गिरणगावच्या मध्यावर असलेल्या या रुग्णालयात गिरणी कामगारांपासून मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत सर्व थरांतले रुग्ण येत. हृदयरोग ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून भारतात तेव्हा जेमतेम आकार घेत होती.

त्या काळी उच्च रक्तदाबाचे निदान होत असे, पण त्यावर उपचार असा जवळजवळ नव्हता. ज्या रक्तदाबाचे मूळ कारण सापडत नाही, त्याच्या इंग्रजी नावातच तो शरीराला आवश्यक असल्याचा ध्वनी होता. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढलेला दाब गरजेचाच असतो, तो उतरवला तर रुग्णाचे नुकसान होईल, असे मानणारे नामांकित डॉक्टर त्या पिढीत होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ इतका नोंदला गेला होता. जगातील सर्वात शक्तिशाली देशाच्या प्रमुखासाठीही वैद्यकाकडे परिणामकारक गोळी नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी त्यांचा वरचा दाब ३०० पर्यंत पोहोचला होता. जे थोडे उपाय होते, ते रुग्णाचा अंत पाहणारे होते. केवळ भात आणि फळे यांवर महिनोन्‌महिने ठेवणारा आहार, विषारी परिणाम असलेले थायोसायनेटचे क्षार किंवा पाठीच्या कण्यालगतच्या चेतातंतूंवरची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच पर्याय डॉक्टरांपुढे होते.

भारतातील डॉक्टरांपुढे मात्र आणखी एक वाट होती. ती जंगलातून येत होती.

तीन पानांचे चक्र आणि वाकडी मुळी

सर्पगंधा हे दिसायला अगदी साधे झुडूप आहे. उंची हात-दीड हात, प्रत्येक पेरापाशी बहुधा तीन-तीन पानांचे चक्र, पांढरट-गुलाबी फुलांचे तांबड्या देठांवरचे गुच्छ आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी छोटी फळे. हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत आणि सह्याद्रीच्या दमट, सावलीच्या जंगलांत ते वाढते. औषधी गुण आहे तो त्याच्या वेड्यावाकड्या, अत्यंत कडू मुळीत. या मुळीचा उपयोग भारतीय परंपरेत सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर केला जात असे. बिहारमध्ये तर ती वेड्याचे औषध याच नावाने बाजारात विकली जाई. सर्पदंशावरील तिचा गुण आधुनिक कसोटीवर टिकलेला नाही. साप चावल्यास रुग्णालय आणि प्रतिविष हाच इलाज आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र माणसाला शांत करण्याचा तिचा गुण खरा होता.

पाश्चात्त्य जगाला ही वनस्पती तशी अपरिचित नव्हती. गोव्यात तीन दशकांहून अधिक काळ राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पविषावर चालणाऱ्या मुळ्यांची माहिती दिली होती. त्यांतील एक सर्पगंधाच असावी, असे अभ्यासक मानतात. १७०३ साली शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळाला सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांचे नाव दिले. गंमत अशी, की ज्यांच्या नावाने हे कुळ जगभर ओळखले जाते, त्या राउवोल्फ यांनी सर्पगंधा कधी पाहिलीही नव्हती.

विसाव्या शतकात भारतीय शास्त्रज्ञांनी या मुळीकडे नव्या नजरेने पाहिले. १९३१ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी कोलकात्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी गुणकारी असल्याचे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळे केले. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या लयीतील एक दुर्मीळ आनुवंशिक दोष शोधण्यासाठी हे अजमलीन पुढे जगभर वापरात आले. १९३३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरत असल्याचे दाखवले. १९३४ साली हिमालया ड्रग कंपनीने मुळीच्या गोळ्या ‘सर्पिना’ या नावाने बाजारात आणल्या.

म्हणजे डॉ. वकील यांनी सर्पगंधा शोधून काढली नाही. रक्तदाबावरील तिचा परिणामही सर्वप्रथम त्यांना दिसला असे नाही. ही गोष्ट त्यांनीही कधी लपवली नाही. आपल्या लेखनात त्यांनी पूर्वसूरींच्या कामाचा सविस्तर आढावा घेतला आहे. मग त्यांचे वेगळेपण कशात?

पन्नास रुग्णांची नोंद

ते वेगळेपण होते पद्धतीत. सर्पगंधा देणारे वैद्य आणि डॉक्टर देशात पुष्कळ होते. रुग्णाला बरे वाटले, झोप लागली, डोके दुखायचे थांबले, असे अनुभवही भरपूर होते. परंतु अनुभव आणि पुरावा यांत अंतर असते. रक्तदाब ही स्थिर राहणारी गोष्ट नाही. तो सकाळ-संध्याकाळ बदलतो, भीतीने चढतो, विश्रांतीने उतरतो. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाचा दाब जास्त भरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो औषधाविनाही थोडा खाली येतो. अशा चंचल आकड्यावर औषधाचा परिणाम नेमका किती, हे ठरवायचे तर शिस्तबद्ध नोंदींना पर्याय नाही.

डॉ. वकील यांनी काही वर्षे ही मुळी आपल्या रुग्णांवर वापरली. त्या अनुभवातून निवडलेल्या ५० रुग्णांच्या नोंदी त्यांनी लेखासाठी घेतल्या. मुळीच्या चूर्णाच्या गोळ्या चार आठवडे देण्यात आल्या. उपचारापूर्वीचे, उपचार चालू असतानाचे आणि गोळ्या थांबवल्यानंतरचे आकडे त्यांनी मांडले. पाचांपैकी चारांहून अधिक रुग्णांचा वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब उतरले होते. औषध थांबवल्यावरही अनेकांत हा परिणाम काही आठवडे टिकून होता. परिणाम हळूहळू होतो, एका दिवसात चमत्कार दिसत नाही, हे त्यांनी नोंदवले, तसेच त्रासदायक परिणामांचीही दखल घेतली.

आजच्या कसोटीवर पाहिले तर या चाचणीत उणिवा आहेत. चिठ्ठ्या टाकून निवडलेला, औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेला समांतर गट तुलनेसाठी त्यात नव्हता. पण त्या काळाचे भान ठेवायला हवे. अशा पद्धतीची गाजलेली पहिली चाचणी, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची, ब्रिटनमध्ये १९४८ सालीच प्रसिद्ध झाली होती. डॉ. वकील यांचा लेख त्यानंतर वर्षभरातच आला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील एका सार्वजनिक रुग्णालयातून, मर्यादित साधनांनिशी हे काम झाले होते. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते.

या यशाला एक बोचरी बाजूही आहे. सेन, बोस, चोप्रा, सिद्दिकी यांचे काम भारतीय नियतकालिकांत प्रसिद्ध होऊन १५-१८ वर्षे उलटली होती, तरी पाश्चात्त्य वैद्यकाने त्याकडे पाहिले नव्हते. तीच मुळी लंडनच्या नियतकालिकात, इंग्रजी वैद्यकाला समजेल अशा आकड्यांच्या भाषेत आली, तेव्हाच जगाने कान टवकारले. ज्ञान कोठे जन्मले यापेक्षा ते कोठे छापले गेले, यावर त्याचे मोल ठरते, हा अनुभव भारतीय संशोधकांना पुढेही अनेकदा आला. डॉ. वकील यांनी ही वस्तुस्थिती ओळखली होती आणि तिचा उपयोग करून घेतला, असे म्हणता येईल.

परळ ते बॉस्टन, बॉस्टन ते बाझल

बॉस्टनमधील रक्तदाबतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात हा लेख आला. त्यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना देण्यास सुरुवात केली. रक्तदाब माफक प्रमाणात उतरत होता, पण त्याहून लक्षणीय होता तो रुग्णांच्या मनावरचा परिणाम. चिडचिड, धडधड, अस्वस्थता यांनी ग्रासलेली माणसे शांत होत होती आणि तरीही गुंगीत जात नव्हती. विल्किन्स आणि त्यांचे सहकारी वॉल्टर जडसन यांनी १९५३ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि अमेरिकेत सर्पगंधेचे युग सुरू झाले.

दरम्यान स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान्स म्युलर, एमिल श्लिटलर आणि ह्यूगो बाइन हे संशोधक मुळीतील नेमका सक्रिय घटक शोधत होते. सिद्दिकींनी वेगळ्या केलेल्या स्फटिकरूप अल्कलॉइडमध्ये मुळीचा शांत करणारा गुण पुरता उतरत नव्हता. तो उरलेल्या राळेसारख्या चिकट भागात दडला होता. त्यातून १९५२ साली जो घटक हाती लागला, त्याचे नाव रेसर्पिन. मुळीत अत्यल्प प्रमाणात असणारा हा घटक मिलिग्रॅमच्या अंशांत काम करत होता. १९५६ साली हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट वुडवर्ड यांनी तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडवला. सेंद्रिय रसायनशास्त्रात ही कामगिरी आजही नमुनेदार मानली जाते.

रेसर्पिन नेमके करते काय, याचे उत्तर मिळवताना मेंदूच्या अभ्यासाचे एक नवे दालन उघडले. आपल्या चेतातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. निरोप पोहोचवणारी रसायने त्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचे दारच बंद करते. साठा हळूहळू संपतो, रक्तवाहिन्यांना आकसण्याचा हुकूम क्षीण होतो, त्या सैलावतात, हृदयाची गती मंदावते आणि दाब उतरतो. साठा रिकामा व्हायला वेळ लागतो, म्हणून परिणामही सावकाश दिसतो. डॉ. वकील यांनी रुग्णांत टिपलेल्या त्या संथपणाचे कारण हे होते. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्यातून कंपवाताच्या उपचाराची दिशा मिळाली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणातल्या रानातही उगवणाऱ्या एका मुळीचा प्रवास असा कोठवर गेला!

१९५४ साली न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर रेसर्पिन वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिहारच्या बाजारातील वेड्याचे औषध मनोरुग्णालयांत नव्या नावाने पोहोचले. १९५७ साली अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा क्लाइन, हेन्री लाबोरी, पिएर डेनिकर, हाइन्झ लेमन अशा दिग्गजांच्या पंक्तीत मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांचे नाव होते. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. पाठोपाठ १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले आणि १९६५ साली वैद्यकशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

केवळ मुळीपुरते नव्हे

डॉ. वकील यांना केवळ सर्पगंधेचे डॉक्टर म्हणणे अन्यायाचे होईल. हृदयविकाराचा झटका येण्याआधी अनेक रुग्णांना काही दिवस किंवा आठवडे छातीत दुखण्याचे इशारे मिळतात, दुखणे वाढत जाते, विश्रांतीतही येते. या मधल्या अवस्थेचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९६१ व १९६४ साली अमेरिकी नियतकालिकांत त्यावर लेख लिहिले. झटका येण्याची वाट न पाहता या अवस्थेतच रुग्णाला रुग्णालयात आणून उपचार करावेत, हा विचार आज सर्वमान्य आहे. तेव्हा तो तसा नव्हता.

शिक्षक म्हणून त्यांचा प्रभाव आणखी दूर गेला. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेले रुग्णतपासणीवरील पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. रुग्णाकडे कसे पाहावे, छातीला हात कसा लावावा, नाडीतून काय ऐकावे, हे यंत्रांचा सुळसुळाट होण्यापूर्वीचे ज्ञान त्या पुस्तकात होते. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या संघटनेने भारतीय रोगांचा आणि भारतीय परिस्थितीचा विचार करून वैद्यकाचे पाठ्यपुस्तक काढायचे ठरवले, तेव्हा १९६९ सालच्या पहिल्या आवृत्तीच्या संपादनाची धुरा त्यांच्यावर होती. वैद्यकाच्या इतिहासावरही ते रसाळ लिहीत. आधुनिक शास्त्राचे शिक्षण घेतलेला हा डॉक्टर परंपरेकडे तुच्छतेने पाहत नव्हता आणि तिच्यापुढे डोळे मिटून मानही तुकवत नव्हता.

नाण्याची दुसरी बाजू

सर्पगंधेची कहाणी येथे संपली असती तर ती गोड परीकथा झाली असती. वास्तव तसे नाही. रेसर्पिनचा वापर वाढला तसे त्याचे दुष्परिणामही समोर आले. नाक चोंदणे, जठरातील आम्ल वाढून व्रण होणे, नाडी मंदावणे, सुस्ती येणे आणि सर्वात गंभीर म्हणजे खोल विषण्णता. ज्या मात्रा तेव्हा दिल्या जात, त्या आजच्या मानाने मोठ्या होत्या. काही रुग्ण नैराश्याने इतके ग्रासले गेले, की त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मेंदूतील रसायनांचा साठाच रिकामा करणारा पदार्थ रक्तवाहिन्यांपुरता थांबणार नाही, हे उघडच होते. निसर्गातून आलेल्या मुळीने माणसाच्या मनावर किती सखोल घाला घालता येतो, हे त्या काळाने दाखवून दिले.

तरीही याच रेसर्पिनने एक मोठा प्रश्न सोडवण्यास हातभार लावला. रक्तदाब उतरवल्याने माणसे खरोखर वाचतात का? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने १९६७ साली त्याचे निर्णायक उत्तर दिले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ रुग्णांपैकी निम्म्यांना रेसर्पिन, हायड्रालाझिन आणि लघवीवाटे क्षार काढणारे औषध अशी तिहेरी योजना मिळाली, उरलेल्यांना निष्क्रिय गोळ्या. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले, औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांना. रक्तदाब शरीराला आवश्यक असतो, या जुन्या समजावर त्या दिवशी पडदा पडला. भारतातही रेसर्पिन असलेली ‘ॲडेलफेन’सारखी गोळी दीर्घकाळ लोकांच्या औषधांच्या डब्यात होती.

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात रेसर्पिन आणि स्त्रियांमधील स्तनाचा कर्करोग यांचा संबंध सुचवणारे लेख एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि खळबळ माजली. पुढील अभ्यासांत हा संबंध टिकला नाही, पण औषधाची पत घसरली ती कायमची. योगायोग असा, की त्याच १९७४ साली डॉ. वकील यांचे निधन झाले. ते अवघे ६३ वर्षांचे होते. आपल्या औषधाची प्रतिष्ठा काळवंडताना त्यांना पाहावी लागली, मात्र त्या आरोपातून त्याची झालेली सुटका पाहायला ते उरले नाहीत.

आज डॉक्टर रेसर्पिन क्वचितच लिहून देतात, कारण अधिक सुसह्य औषधांचे अनेक गट उपलब्ध आहेत. मात्र उपलब्ध चाचण्यांच्या तटस्थ आढाव्यांत ते वरचा दाब इतर प्रमुख औषधांइतकाच उतरवते, असे दिसून आले आहे.

रानातून नाहीशी होणारी मुळी

या यशाची किंमत झाडानेही मोजली. जगभरातून मागणी येऊ लागली आणि भारतातील जंगलांतून सर्पगंधा अक्षरशः उपटली गेली. मुळी काढायची म्हणजे झाड मारायचे. नवी मुळी औषधयोग्य व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. शिवाय बियांची उगवण अतिशय कमी, त्यामुळे रानात आपोआप भर पडण्याचा वेगही मंद. भारतातील पुरवठा अपुरा पडू लागल्यावर औषध कंपन्या याच कुळातील आफ्रिकी झाडाकडे वळल्या. १९९० साली सर्पगंधेचा समावेश संकटग्रस्त वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात झाला. औषधी वनस्पतींची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांमुळे आता थोडा आधार आहे. तरीही सह्याद्रीत हिंडताना हे झुडूप सहज दिसत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आजच्या वाचकासाठी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे जवळपास ३१ कोटी माणसे. त्यांच्यापैकी कित्येकांना गोळ्या आयुष्यभर घेण्याची धास्ती वाटते आणि वनस्पतींचा मार्ग जवळचा वाटतो. त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की प्रत्येक बी आणि प्रत्येक अर्क त्या ५० रुग्णांच्या वहीसारख्या परीक्षेतून गेला आहे काय?

जवसाचे उदाहरण घेऊ. २०१३ साली कॅनडातील एका चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या ११० रुग्णांचा अभ्यास झाला. रोज ३० ग्रॅम जवसाची पूड सहा महिने घेतलेल्यांचा वरचा दाब निष्क्रिय पदार्थ घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १० अंशांनी कमी भरला. हा आकडा आशादायक होता. पण अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सरासरी घट दोन अंशांच्या आसपासच निघाली. जवसाची चटणी आहारात असणे चांगलेच, तिच्या भरवशावर गोळी बंद करणे धोक्याचे. सर्पगंधेच्या बाबतीत तर प्रकरण उलटे आहे. ती खरोखर प्रभावी आहे आणि म्हणूनच स्वतःच्या मनाने घेण्यासारखी नाही. नैराश्य, जठराचा व्रण किंवा मंद नाडी असलेल्या माणसाला ती अपाय करू शकते. मुळीच्या चूर्णात सक्रिय घटक किती, हे झाडागणिक बदलते आणि दुसऱ्या औषधांसोबत ती घेतल्यास दाब किंवा नाडी नको इतकी खाली जाऊ शकते. डॉक्टरांना न सांगता घेतलेले नैसर्गिक औषधही औषधच असते.

परंपरेने वनस्पतीचा गुण दाखवून दिला, शास्त्राने त्याचे माप घेतले आणि त्या मापानेच तिची मर्यादाही कळली. या तिन्ही पायऱ्या आवश्यक होत्या. पहिली पायरी गाळली असती तर बाझलच्या प्रयोगशाळेला सर्पगंधा दिसलीच नसती. दुसरी गाळली असती तर ती बिहारच्या बाजारातच राहिली असती. आणि तिसरी गाळणारे आजही स्वतःचे आरोग्य पणाला लावत आहेत. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मधली पायरी बांधली. त्यांच्या शहरात आज त्यांचे नाव क्वचितच उच्चारले जाते. परंतु दंडाला पट्टा बांधून आकडा वहीत उतरवणारी प्रत्येक परिचारिका, नकळत का होईना, त्यांचेच काम पुढे नेत असते.